कावळा शिवेपर्यंत

दिगंबरच्या देहाला अग्नी देऊन दहा दिवस झाले होते, पण त्याचं हृदय इस्पितळातल्या यंत्रात अजून धडधडत होतं. बारा वाजता यंत्राची मुदत संपणार होती. कावळा शिवल्याशिवाय हृदय दुसऱ्या रुग्णाला द्यायचं नाही, असं घरच्यांनी ठरवलं होतं. घाटावर पिंडाला कावळा शिवत नव्हता.

"दादा, आईला मी सांभाळीन," धाकटा भाऊ हात जोडून म्हणाला.

कावळा फांदीवरून हलला नाही. पावणेबारा वाजले.

"ह्यांची इच्छा कावळ्याला काय विचारता, भाऊजी?" दिगंबरची बायको शकुंतला म्हणाली. "हृदय द्यायचं, हे मला सांगून गेलेत. मीच दहा दिवस गप्प बसले."

यंत्रातल्या हृदयाचे ठोके दाखवणाऱ्या इस्पितळाच्या फोनवर तिने संमतीचा अंगठा टेकवला.

कावळा पिंडाला शिवला, तेव्हा सगळे फोनवरचे ठोके पाहत होते.