उसना पत्ता

सृष्टी मंडईत पोचली तेव्हा तीन वाजून गेले होते आणि मुक्ताबाई जागेवर नव्हत्या. लिंबं-आल्याच्या ढिगामागं त्यांची सून कांचन बसली होती. मांडीवर आठ महिन्यांची मुलगी.

"आत्या गेल्या की, ताई," कांचन म्हणाली. "दोन महिने झाले. न्यूमोनिया झाला म्हणाले डॉक्टर."

सृष्टी तिथंच एका उपड्या क्रेटवर बसली. तिला वाईट वाटलं, पण आधी तिनं पिशवी चाचपली. वाईट नंतर वाटलं. पिशवीत संमतीपत्र होतं. आरोग्याच्या समाजशास्त्रावरच्या एका परदेशी नियतकालिकानं तिचा लेख घ्यायचं मान्य केलं होतं. मात्र ज्यांचे शब्द लेखात आलेत त्या प्रत्येकीची लेखी संमती त्यांना आज संध्याकाळी पाचच्या आत हवी होती. दोन नियतकालिकांनी हा लेख आधीच परत पाठवला होता. महिनाअखेर तिची पीएचडीची नोंदणी संपत होती, आणि लेख छापून येणार नसेल तर प्रबंध कुणी दाखल करून घेणार नव्हतं. सहा वर्षं गेली होती त्यात.

आणि तो लेख म्हणजे मुक्ताबाईच होत्या. क्षयाचं औषध घेणाऱ्या बायका ते घरच्यांपासून कसं लपवतात, असा विषय होता. मुक्ताबाईंनी दवाखान्यात पत्ता दिला होता खडकीच्या बहिणीचा, घरी कुणी चौकशीला यायला नको म्हणून. गोळ्या त्या इथंच घ्यायच्या, मंडईत. बरं वाटायला लागल्यावर मधेच सोडल्या, हेही त्यांनी सृष्टीला सांगून टाकलं होतं. 'सुनेला दिवस गेलेत. तिला कळलं तर नातवंड माझ्या हाती द्यायची नाही.' हे वाक्य वाचून नियतकालिकाच्या परीक्षकानं लिहिलं होतं, संपूर्ण लेखाचा प्राण इथं आहे.

आता वारस म्हणून कांचनची सही चालली असती. आत्यांनी सांगितलेलं छापायचंय, नाव कुठंही येणार नाही, असं सृष्टीनं तिला सांगितलं.

"काय सांगितलं होतं त्यांनी?"

"असंच. बाजाराबद्दल."

कांचनचा चेहरा खुलला. तिनं ओले हात पदराला पुसले आणि एकेक अक्षर जोडत सही केली. कागद परत देताना तिला खोकला आला. तोंड फिरवून ती बराच वेळ खोकत राहिली.

किती दिवस झाले, असं सृष्टीनं विचारलं. महिना होत आला असेल, कांचन म्हणाली, गोणीतली धूळ बाधते. संध्याकाळी जरा अंग कसकसतं एवढंच. मुलगीही हल्ली अंग धरत नव्हती. दूध पुरत नसेल, असं तिची आई म्हणत होती.

सृष्टी उठली. गर्दीतून वाट काढत बाहेरच्या पायरीवर आली आणि तिनं पीएचडीच्या मार्गदर्शक सरांना फोन लावला. अनिरुद्ध सरांनी सगळं ऐकून घेतलं.

"आपण संशोधक आहात की आरोग्यसेविका, हे एकदा ठरवा," ते म्हणाले. "आणि पाचच्या आत ठरवा."

तिनं फोनवरच नियतकालिकाचा ऑनलाइन अर्ज उघडला आणि सहीचा फोटो काढून जोडला. शेवटच्या पानावर एक चौकट होती: सहभागी व्यक्तींची माहिती मी कुणालाही उघड केलेली नाही आणि करणार नाही. तिनं आत वळून पाहिलं. इथून कांचन दिसत नव्हती. आधी जाऊन सांगावं आणि मग येऊन हे भरावं, असं मनात आलं. पण मग या चौकटीत खूण कशी करणार? आणि खूण करून मग सांगितलं, तर ती दहा मिनिटांत खोटी ठरणार. चार वाजायला पाच मिनिटं असताना तिनं खूण केली आणि लेख पाठवला. आपला लेख मिळाला, असं लगेच पडद्यावर उमटलं.

मग ती जवळजवळ पळतच आत गेली. क्रेट ओढून कांचनच्या कानाशी बसली आणि शेजारच्या गाळ्यावर ऐकू जाणार नाही अशा बेतानं तिनं सांगितलं. आजाराचं नाव सांगितलं, खडकीचा पत्ता सांगितला. घाबरू नकोस, औषधानं बरं होतं, पण तुझी आणि बाळाची तपासणी आजच व्हायला हवी, महापालिकेचा दवाखाना जवळच आहे, मी येते बरोबर, हे सगळं ती एका दमात बोलली.

लिंबांवर कांचननं ओलं पोतं टाकलं, शेजारणीला लक्ष ठेवायला सांगितलं, मुलीला कडेवर घेतलं आणि निघाली. दोघी फुलवाल्यांच्या रांगेतून बाहेर आल्या. रस्ता ओलांडायला थांबल्या तेव्हा ती पहिल्यांदा बोलली.

"ताई, तुम्हाला कधी कळलं?"

आधी लेख पाठवण्यात गेलेल्या त्या दहा मिनिटांबद्दल काय सांगायचं ते सृष्टीनं वाटेत मनाशी जुळवून ठेवलं होतं. कांचननं ते विचारलंच नव्हतं.

"सव्वा वर्ष झालं," ती म्हणाली.

कांचननं मनातल्या मनात महिने मोजले.

"म्हणजे बारशाला आला होतात, आत्यांनी हिला मांडीवर घेतलं होतं, तेव्हा ठाऊक होतं तुम्हाला."

"हो."

सिग्नल लागला, गाड्या थांबल्या. कांचननं मुलीला सृष्टीच्या बाजूच्या कडेवरून काढून दुसऱ्या कडेवर घेतलं, तिच्या तोंडावर पदर ओढला आणि रस्ता ओलांडायला लागली.