शब्दांना चाल

सकाळचे ऊन छपराच्या फटीतून उतरले आणि भिंतीवरून सावकाश सरकत घरातल्या बाईच्या नवऱ्याच्या हार घातलेल्या तसबिरीवर येऊन थांबले. तिच्याकडे आलेला संगीतकार त्या उन्हाकडेच पाहत राहिला.

कारखान्यातील स्फोटानंतर ती त्याच्या रेकॉर्डरसमोर म्हणाली होती, ‘डबा भरलेलाच परत आला.’ ते शब्द त्याने चित्रपटासाठी जसेच्या तसे चालीत बसवले होते. आज तो पहिल्या खेळाचे आमंत्रण घेऊन आला होता.

“परवा वरातीत बँडनं वाजवलं तुमचं गाणं,” ती म्हणाली. “पोरं नाचली.”

“शब्द तुमचेच आहेत, ताई. एकही बदलला नाही.”

“तेच तर. आधी डोळे मिटले की ह्यांचा आवाज यायचा, दादा. आता तुमची नटी गाते.”

तिने फक्त झालेले सांगितले होते. गाणे मागितले नव्हते.