चॉकलेटी पलटण

रात्रभर ब्रेक ऑइलमध्ये बुडवून ठेवली तरी पलटणीच्या अंगावरचा रंग हलायला तयार नव्हता. धाकट्याने जुन्या टूथब्रशने कॅप्टनची पाठ घासली, पोट घासलं आणि मग ब्रश टेबलावर आपटला. ट्रकच्या ट्रक सोलून काढणारा हा माणूस बोटाएवढ्या प्लॅस्टिकच्या सैनिकापुढे हात टेकत होता.

गाड्या रंगवण्याचा कारखाना बाबांनी सुरू केलेला, आता त्याच्या हाती. थिनरने रंग चुटकीसरशी निघाला असता, पण सोबत प्लॅस्टिकही वितळलं असतं. ब्रेक ऑइलमध्ये रंग फुगतो, सुटतो आणि प्लॅस्टिक शाबूत राहतं. एवढं सगळं कळत असून सकाळपासून नुसती बोटं चिकट झाली होती.

सैनिक सापडले ते आईचं कपाट आवरताना. बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात, सगळेच्या सगळे. लहानपणी त्याची पलटण हिरवीगार होती, दादाची लाल; डबे मात्र दोघांचे सारखेच. पलंगाखाली घनघोर लढाई चालायची आणि जेवायला हाक आली की तह व्हायचा. मग घर बदललं आणि सगळं बिनसलं. दादाने आपला डबा वाटेत हरवला, आणि नव्या घरात दारांचा उरलेला चॉकलेटी रंग धाकट्याच्या सैनिकांना फासून ठेवला. नाकं बुजली, बंदुकांच्या काठ्या झाल्या. स्वतःचा डबा हरवल्याबद्दल बाबांची एक चपराक बसली, भावाचे सैनिक नासवल्याबद्दल दुसरी. तेव्हापासून घरात दादाचं नाव वेंधळ्या पडलं ते आजतागायत.

सुट्टीमुळे अर्धं ओढलेल्या शटरखालून वेंधळ्या वाकून आत आला. साठीकडे झुकलेला, हातात हेल्मेट.

"आईची बॅग भरून तयार आहे म्हणे. तिला न्यायला आलोय."

"बॅग भरायला काय जातंय? मी अजून हो म्हटलेलं नाही."

"तीच म्हणतेय, थोडे दिवस तुझ्याकडे येते."

"तिच्या सकाळच्या गोळ्या वेगळ्या, रात्रीच्या वेगळ्या. बाथरूममध्ये हात धरावा लागतो. आणि तुला स्वतःचा चष्मा सापडत नाही."

दादा हसला. कपाळावरचा चष्मा त्याने नाकावर घेतला आणि तेव्हा त्याला टेबलावरचं तसराळं दिसलं. हसू मावळलं.

"हे कुठे मिळाले?"

"आईच्या कपाटात. तुझी कारागिरी उतरवतोय. मला माझे हिरवे परत हवेत."

"राहू दे रे. इतक्या वर्षांनी आता चॉकलेटीच त्यांचा खरा रंग."

"तुझ्यासाठी असेल."

"जुनं प्लॅस्टिक आहे, तुटेल. माझं ऐक, पुसून ठेवून दे."

ही याची नेहमीची तऱ्हा. आधी घोळ घालायचा आणि वर शहाणपण शिकवायचं. धाकट्याच्या मस्तकात तिडीक गेली.

"घर बदलताना ट्रकमध्ये मी तापाने फणफणलो होतो, तरी डबा मांडीवर घट्ट धरून बसलो होतो. डोळा लागला. जाग आली तर डबा तुझ्या मांडीवर! तुझा कुठे म्हटलं, तर वाटेत पडला. स्वतःचा सांभाळता आला नाही म्हणून माझा बळकावलास. नव्या घरी दोन दिवस हातही लावू दिला नाहीस. दिलास तो हा असा."

दादाने तसराळ्यातला एक सैनिक उचलला, ऑइल निथळू दिलं आणि परत ठेवला.

"बोल की."

"काय बोलू? तू म्हणतोस तसंच झालं."

"मग झालं तर. ज्याला मूठभर सैनिक सांभाळता आले नाहीत, त्याच्या हाती मी आई देणार नाही. बाबांनी कारखान्याच्या चाव्या तुला दिल्या नाहीत, ते काय उगीच?"

हे बोलायला नको होतं, त्याचं त्यालाच कळलं. पण माघार घेईल तर तो धाकटा कसला.

दादाने हेल्मेटचा पट्टा उगाच सैल केला. "मी खोलीला रंग दिलाय रे. बाथरूममध्ये धरायला दांडी बसवलीय. ती वाट बघतेय."

"नाही म्हणजे नाही."

"बरं." शटरपाशी जाऊन तो थांबला. "तिला सांग, मला काम निघालं. तू नको म्हणालास हे नको सांगूस. तुला राहायचंय तिच्यासोबत."

तो गेला. धाकट्याने लगेच घरी फोन लावला.

"आई, दादा येत नाहीये. काहीतरी काम निघालं म्हणे."

"वेंधळाच मेला," आई म्हणाली. "रिकामी करते मी बॅग."

त्याने फोन ठेवला. मनाला बरं वाटेना, म्हणून पुन्हा कॅप्टनला हातात घेतलं. खांद्यावरच्या रंगाला आता सुरकुती पडली होती. त्याने नख लावून ओढलं आणि उकडलेल्या बटाट्याचं निघावं तसं साल सुटून आलं.

खाली तांबडं दिसलं.

धाकटा एकटाच मोठ्याने हसला. प्रायमर! पत्रा गंजू नये म्हणून रंगाआधी रेड ऑक्साइड मारतात, ते या शहाण्याने प्लॅस्टिकला मारून ठेवलं होतं. बाबांच्या कारखान्यात बघून बघून शिकला असणार.

त्याने ब्रश घेऊन घासलं. तांबडं निघेना. दुसरा सैनिक घासला, तिसरा घासला, तेही तसेच. शेवटी वैतागून त्याने कॅप्टनच्या पायाखालच्या पट्टीत ब्लेड रोवलं आणि हिरवं लागेल म्हणून दाबत गेला. पट्टीचे कटकन दोन तुकडे झाले.

दोन्ही तुकडे आरपार लाल होते.