चौथ्या वर्षाचं अद्रक

ईश्वरनं पिवळं रोप नुसतं धरलं आणि ते हातात आलं. खाली कंद नव्हता, नासलेला लगदा होता. दुसरं रोप उपटलं. तिसरं. सगळीकडे तेच.

"नाकाजवळ धर, बाबू," बायजाबाई बांधावरून म्हणाली. "कॉलेजात हा वास शिकवला का नाई? तीन वर्स दुसऱ्याच्या बांध्यांत धानाचे रोवणे केले म्या. तू म्हनला म्हनून."

ईश्वरनं लगदा हुंगला. तोच कुजका वास. ऐंशी साली, कृषीची पदवी घेऊन गावी, कोंढ्याला आल्या आल्या, त्यानंच या विधवा काकीला सांगितलं होतं, की रोग विहिरीवरच्या या बाडीच्या मातीत मुरलाय. तीन वर्षं अद्रक लावू नको. धान घे, मका घे. खायला कंद मिळाला नाही की रोगाचा जोर मोडतो. काकीचं पोट अद्रकावर होतं, तरी तिनं ऐकलं. यंदा निरोगी बेणंही त्यानंच आणून दिलं. हे पीक गेलं, तर तिच्या नशिबी जन्मभर मजुरीच होती.

तो वाफ्यावाफ्यानं पुढे गेला. विहिरीजवळचे चार वाफे सडले होते. पाचवा हिरवा होता. त्यानं सहाव्यातलं रोप उकरलं. कंद घट्ट निघाला. सातव्यातलाही.

"काकी, विहिरीकडच्या कोपऱ्यात काय टाकलं?"

"काई नाई. मडक्यातली माती."

"कोणतं मडकं?"

"जुन्या अद्रकाचं. वंश बुडू नये म्हनून एक रोप दारात जगवलं होतं, याच बाडीच्या मातीत. लावताना जुनी माती नवीत मिसळा लागते. माह्या सासूनं शिकवलं. नाईतर जमीन पिकाले ओळखत नाई."

रोगाला तीन वर्षं काकीनं दारात पोसलं होतं. मग ईश्वरला हसू फुटलं. म्हणजे बाडी साफ झाली होती! चार वाफे उपटून जाळायचे, पाण्याबरोबर रोग पुढे जाऊ नये म्हणून पाट आजच बंद करायचा, बाकी पीक वाचणार होतं. बोट दाखवत त्यानं तिला सगळं समजावलं.

बायजाबाई हसली नाही.

"म्हंजे रोग त्या मडक्यात होता?"

"फक्त त्याच्यातच, काकी."

तिनं पदराचा बोळा तोंडाशी धरला.

"इथं अर्धीच टाकली रे, बाबू. लेक सासरी निघाली होती. तिनं तिथं सिहोऱ्याले यंदा पयल्यांदाच अद्रक लावलं. अर्धी माती म्या तिच्या ओटीत घातली."