चार मिलिमीटर

पूर्णिमाने चष्मा हातात घेतला आणि ओळखला. चंदेरी फ्रेम, पण डाव्या काडीला स्क्रू मात्र पितळी. मूळचा स्क्रू बसवताना निसटून हरवला, म्हणून तो तिनेच तिच्या डबीतून काढून लावला होता. चष्मा तिच्या हातचा होता.

समोरच्या खुर्चीत ज्ञानदेव काका बसले होते. सत्तरीचे, खडकीच्या दारूगोळा कारखान्यातून निवृत्त झालेले. उजवा हात प्लास्टरमध्ये. टेबलापलीकडे परीक्षक पद्मजा मॅडम. चष्मेतज्ज्ञांच्या प्रगत प्रमाणपत्राची ही शेवटची प्रात्यक्षिक परीक्षा होती. कागदावर एकच ओळ होती : नंबर बरोबर आहे, दोष शोधा. वेळ वीस मिनिटं.

सकाळी पूर्णिमा आली होती ती अगदी निर्धास्त. कसबा पेठेत आप्पासाहेबांच्या दुकानात अठरा वर्षं तिने काचा घासल्या होत्या, फ्रेमी वाकवल्या होत्या. लेखी परीक्षेत ती पहिली आली होती. प्रमाणपत्र हातात पडलं की बिबवेवाडीची नवी शाखा तिच्याकडे, हे आप्पासाहेबांनी चारचौघांत सांगून टाकलं होतं.

"काय त्रास होतो काका?" तिने विचारलं.

"लांबचं बघायचं तर हनुवटी छातीला टेकवावी लागते. जिना उतरताना पायरी हलते. महिन्यापूर्वी घरातच गडगडलो." त्यांनी प्लास्टरचा हात जरासा उचलून दाखवला. "दुकानात परत गेलो होतो एकदा. आतून कोणी बाई म्हणाल्या, सवय होईल."

ती बाई म्हणजे पूर्णिमाच. दसऱ्याची गर्दी होती तेव्हा. काच घासण्याच्या यंत्रावरून ती उठलीही नव्हती. 'सवय होईल म्हणावं,' एवढंच तिने आतून ओरडून सांगितलं होतं. माप घेतलं त्या दिवशीही तीच गडबड. तिला बसायला स्टूल मोकळं नव्हतं, म्हणून तिने उभ्याउभ्याच माप घेतलं होतं. काकांच्या नाकावर तेव्हा नुसती रिकामी फ्रेम होती. त्यांना समोर धूसर आकृतीपलीकडे काही दिसलं नसणार. आज त्यांनी तिला ओळखलं नाही, ते त्यामुळेच.

पण हातांना काम माहीत होतं. तिने स्टूल ओढलं आणि काकांच्या डोळ्यांच्या पातळीत बसली. "माझ्या नाकाकडे बघा. मान नेहमीसारखी." काचेवर पेनाने दोन ठिपके दिले, पट्टी लावली. लांबचं आणि जवळचं एकाच काचेत असलं की काच कुठे बसते यावर सगळं अवलंबून. ही काच चार मिलिमीटर वर बसली होती. काका सरळ बघायला गेले की डोळ्यांपुढे यायचा तो जवळचं दाखवणारा भाग.

तिने नाकावरचे दोन्ही पॅड पक्कडीने फाकवले. चष्मा जेवढा खाली उतरेल तेवढा उतरवला आणि काकांना दारापर्यंत चालवत नेलं. काकांनी व्हरांड्याच्या टोकाची पाटी वाचली. मान न वाकवता वाचली.

"अहो, मला वाटलं होतं माझे डोळेच गेले," ते म्हणाले. "मी बाहेर पडायचं सोडून दिलं होतं."

पूर्णिमाने कागदावर लिहिलं : काच चार मिलिमीटर वर. पॅड फाकवणं हा तात्पुरता उपाय. काचा नव्याने कराव्या लागतील. सही केली. घड्याळात अजून आठ मिनिटं शिल्लक होती.

पद्मजा मॅडमनी कागद वाचला. "उत्तर बरोबर आहे. माप चुकलं कशामुळे, काही अंदाज?"

अंदाज सांगणं सोपं होतं. घाईत चुकलं असेल, एवढं म्हटलं तरी पुरलं असतं. पूर्णिमाने एकदा प्लास्टरकडे पाहिलं.

"अंदाज नाही मॅडम, माहीत आहे. हे माप मी घेतलंय. काका बसलेले होते आणि मी उभी होते. त्यांनी माझ्याकडे बघायला डोळे वर केले आणि मी तिथेच खूण केली. आणि आतून सवय होईल म्हणाली, ती बाईही मीच."

काकांनी तिच्याकडे पाहिलं नाही. ते पद्मजा मॅडमकडे बघत राहिले.

"हे सांगायची गरज नव्हती," मॅडम कोरडेपणाने म्हणाल्या. "त्याला मार्क नाहीत. आणि मनात आणलं तर मी तुमचा अर्ज इथेच रद्द करू शकते."

"करा मॅडम. पुढच्या वर्षी पुन्हा बसेन. काम मला येतं." पूर्णिमाचा आवाज हलला नाही. ती काकांकडे वळली. "काका, चुकलं माझं. काचा मी करून देते. दुकानात यायचं नाही, मीच घरी येऊन बसवीन."

मॅडमनी स्वतःचा चष्मा काढून पुसला, परत घातला. मग पेन उचललं. 'उत्तीर्ण' असं ठसठशीत लिहून सही केली आणि कागद पूर्णिमाकडे सरकवला.

"यापुढे माप बसूनच घ्या," त्या म्हणाल्या. "आणि नव्या काचांची तसदी नको. त्या झाल्यात."

त्यांनी पर्समधून एक डबी काढली. आतला नवा कोरा चष्मा स्वतःच्या हातांनी काकांच्या नाकावर ठेवला, काड्या हलकेच कानांमागे सारल्या आणि त्यांच्या प्लास्टर नसलेल्या हाताला आधार दिला.

"चला बाबा," त्या म्हणाल्या, "घरी जाऊ."