पाण्यावरचा काळा ठिपका

शाळेत चित्रकला शिकवणाऱ्या केम्बाबाझीने डोळे किलकिले करून पुन्हा तळ्याकडे पाहिलं. असं पाहिलं की रंग पुसले जातात, उरतो फक्त उजेड आणि सावली. बुन्योनी तळ्यावर विरळ धुकं होतं. ताटलीत तिने काळ्या-पांढऱ्याचे चारच करडे रंग कालवले होते. पलीकडचे डोंगर सगळ्यात फिके, पायाजवळची लव्हाळी सगळ्यात गडद. पण पाण्यावरचा एक ठिपका काही केल्या चित्रात बसत नव्हता. दोनदा तिने तो फिका केला. तिसऱ्यांदा कुंचला उचलला आणि हात थांबला.

"मास्तरीणबाई, आज पण राखच फासताय? तळ्यात कुणी मेलंय का?" होडीची भेग बुजवत बसलेला तिबेसिग्वा म्हणाला.

"तिबेसिग्वादादा, तो ठिपका कसला?"

"लव्हाळी असतील पलीकडची." त्याने मानही वर केली नाही. "तुम्ही बायका ना! आमची बायको केसांदे पहाटे भांडली, लहान होडी घेऊन भावाकडे गेली. आता तिथे बसून माझ्या नावाने खडे फोडत असेल."

"पलीकडचं काहीच या धुक्यात एवढं काळं दिसत नाही. ते अलीकडे आहे. मधोमध."

तिबेसिग्वाने मान वर केली. बघत राहिला. मग ओल्या भेगेसकट होडी पाण्यात ढकलली. केम्बाबाझी धावत येऊन मागे चढली. तो वल्हं मारत होता, ती रंगाच्या डब्याने आत येणारं पाणी उपसत होती.

केसांदेची लहान होडी उलटली होती. होडीच्या पाठीवर एक हात टाकून ती कशीबशी तरंगत होती. दोघांनी तिला वर ओढलं. तिबेसिग्वाने अंगातला कोट काढून तिच्याभोवती गुंडाळला.

"बोल ना काहीतरी," तो म्हणाला. "शिव्या दे."

केसांदे काठाकडे बघत होती. तिथली चित्राची तिवई इथून स्पष्ट दिसत होती.

"ओरडायला आवाजच फुटेना," ती म्हणाली. दात वाजत होते. "हात हलवला. किती वेळ हलवला. मास्तरीणबाई तर सारख्या माझ्याकडेच बघत होत्या."