फक्त तेवढं विचारा

सुपाचा चमचा ओठांपर्यंत पोचला होता, तेवढ्यात शेठ म्हणाले, "मॅडम, फक्त तेवढं विचारा, सुटे भाग किती वर्षं मिळतील?"

तिने चमचा खाली ठेवला आणि विचारलं.

यंत्र विकणारे यजमान मोठे बोलघेवडे गृहस्थ. या साध्या प्रश्नाचं उत्तर त्यांनी पार वडिलांनी कारखाना काढला तिथपासून सुरू केलं. ते ऐकून, मराठीत सांगून होईतो सुपावर साय धरली. बाईंना नको असावं असं समजून वाढपी वाटी उचलून घेऊन गेला.

ही भाषा ती बारा वर्षं शिकवत होती. 'खानावळीत' हा धडा दर वर्षी पहिल्या सहामाहीत. एकाला गिऱ्हाईक करायचं, एकाला वाढपी, आणि वर्गात संवाद म्हणून घ्यायचे. पदार्थांची नावं, करायची रीत, कशाबरोबर काय खातात, सगळं तिला तोंडपाठ. चव मात्र एकाचीही माहीत नव्हती. शेठचा पत्र्याचे डबे बनवायचा कारखाना. त्यांना झाकणं बसवायचं यंत्र घ्यायचं होतं, बरोबर भाषा जाणणारं कोणी हवं होतं, म्हणून तिला हा देश दिसला. तोही कारखान्याच्या खिडकीतून. तीन दिवस थंडगार सँडविचवर काढले. आज शेवटचा दिवस, आणि यजमानांच्या बहिणीच्या खानावळीत दुपारचं जेवण. सकाळी तिने मुद्दामच नुसता चहा घेतला होता.

मासा आला. अख्खा, भट्टीत भाजलेला, कातडी अजून तडतडत होती, पोटात हिरवा पाला भरलेला. त्या पाल्याचं नाव तिला दोन्ही भाषांत येत होतं. वास असा सुटला की शेठचे मेहुणेसुद्धा गप्प झाले. यंत्रातलं ओ की ठो कळत नसताना 'बघून तर येऊ' म्हणून बरोबर आलेले हे मेहुणे तीन दिवसांत पहिल्यांदाच गप्प झाले होते.

यजमानांच्या बहिणीने स्वतःच्या हाताने प्रत्येकाच्या ताटलीत एकेक तुकडा वाढला आणि ती आत गेली. दुभाषीने काटा उचलला.

"यांना सांगा," शेठ म्हणाले, "मागच्या वेळी एकाने यंत्र दिलं होतं आम्हाला. बोलणं मोठं, यंत्र फुसकं. नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा!"

आता आली का पंचाईत! काटा ठेवून तिने आधी सोनूबाई समजावली, मग वाळा. यजमान खो खो हसले. मग थांबून म्हणाले, "कथील? म्हणजे आपण डब्याच्या पत्र्यावर चढवतो तेच ना?"

तेच. मग काय विचारता! दोघेही कारखानदार खुलले. थर किती जाड हवा, दमट हवेत काय होतं, स्वस्त पत्र्यात लोक कशी फसवाफसवी करतात. इकडून तिकडे, तिकडून इकडे, चेंडू तिच्यावरून जात होता. कातडीची तडतड थांबली. रस ताटलीच्या कडेला गोठायला लागला.

"एक मिनिट हं," शेवटी ती म्हणाली. "मी एक घास…"

"अहो, घ्या की! सावकाश जेवा. जेवताना घाई कसली?" शेठ म्हणाले, आणि त्याच दमात, "फक्त तेवढं विचारा, झाकण बसताना थर खरवडला तर जबाबदारी कोणाची?"

तिने विचारलं. उत्तर आलं. तोंडाला सुटलेलं पाणी गिळताना तिची जीभ घसरली. "तुमची," ती म्हणाली.

शेठचा चेहरा पडला. "आमची?"

"नाही, नाही. त्यांची. त्यांची म्हणताहेत ते. चुकलं माझं."

"मॅडम, लक्ष कुठाय? सगळा व्यवहार तुमच्या जिभेवर आहे."

ती पुढचं सांगायला लागली. सुटे भाग मघाशी सांगितल्याप्रमाणे दहा वर्षं, माणूस येऊन यंत्र बसवून देईल, शिकवून जाईल. तेवढ्यात मेहुण्यांनी तिच्या ताटलीकडे पाहिलं.

"मॅडम मासा खात नाहीत वाटतं. अन्न टाकू नये," असं म्हणत त्यांनी ताटली ओढली.

वाक्य अर्ध्यावर होतं, आणि ते यजमानांचं होतं. ते मध्येच सोडून 'अहो, खाते मी' म्हणायची सोय नव्हती. तिने वाक्य पूर्ण केलं. तोवर ताटलीत काटे उरले होते.

शेठनी हात पुढे केला, यजमानांनी तो दोन्ही हातांत घेतला. व्यवहार ठरला. गोड आलं, थंडगार, कापसासारखं हलकं. आणि ते येताच यजमान भाषण करायला उभे राहिले. भाषण संपलं तेव्हा तिच्या वाटीत गोड पाणी होतं.

मग यजमानांची बहीण हात पुसत बाहेर आली. तिने सगळ्यांकडे हसून पाहिलं आणि दुभाषीच्या खुर्चीपाशी येऊन थांबली.

"आणि तुला गं?" तिने आपल्या भाषेत विचारलं. "तुला काय आवडलं?"

दोन्हीकडची माणसं दुभाषीकडे बघत होती.

ती शेठकडे वळली. "तुम्हाला काय आवडलं, असं विचारताहेत."

"मासा!" शेठ म्हणाले. "सांगा त्यांना, असा मासा जन्मात खाल्ला नाही."

ती पुन्हा बहिणीकडे वळली, आणि तिने शब्द न शब्द तसाच सांगितला.

"असा मासा मी जन्मात खाल्ला नाही."